सर्व्हरच्या कानात

आमच्या ऑफिसातला सर्व्हर पंचापकेश रावांशिवाय, म्हणजे आमच्या पंचूरावांशिवाय, दुसऱ्या कोणाचंही ऐकत नसे. अतिशयोक्तीची मला सवय आहे, पण या वाक्यात ती नाही. मी चालू केला, तरी तो चालू व्हायचा. पंखे घुमायचे, हिरवे दिवे लागायचे, आणि वेबसाइट उघडली की पांढऱ्याशुभ्र पानावर एकच तांबडी ओळ यायची : डेटाबेस सापडत नाही. आमच्या कविताने चालू केला, तरी तीच ओळ. रात्री वीज गेली आणि परत आल्यावर तो आपला आपण उठला, तरी तीच.

मग सकाळी सहाच्या सुमाराला पंचूराव यायचे. सर्व्हरच्या काचेच्या खोलीबाहेर चपला काढायचे. हातपाय धुतलेले असायचे. खुर्चीत बसून कीबोर्डाला नमस्कार करायचे आणि पुढे वाकून काहीतरी पुटपुटायचे. की झालं! वेबसाइट सुरळीत. डेटाबेस जागच्या जागी.

हे पुटपुटणं काचेपलीकडून पाहिलं होतं ते आमच्या वॉचमननं, पेरुमाळनं. पुढे वाकलेल्या पंचूरावांची त्याला फक्त पाठ दिसायची. त्याने साऱ्या ऑफिसला सांगून टाकलं, "सार मंदिरम सोल्रार." सर मंत्र म्हणतात.

आता तुम्ही हसाल. पण चेन्नईतल्या अडयारच्या त्या तिसऱ्या मजल्यावर बसलेले आम्ही पंधरा-वीस शिकलेसवरलेले लोक होतो, आणि आमच्यातला एकही मनापासून हसला नाही. कविताने तर एकदा विनायकाचं नाव घेऊन, तांबडी ओळ येऊ नये म्हणून डोळे मिटून सर्व्हर चालू केला होता. डोळे उघडले तर ओळ हजर.

पंचूरावांची आणि माझी ओळख व्हायला फोन कारण झाला. मी नुकताच महाराष्ट्रातून चेन्नईला आलो होतो आणि जेवणाच्या सुट्टीत बायकोशी फोनवर भांडत होतो. फोन ठेवला, तर मागे एक उंच, किडकिडीत, साठीकडे झुकलेले गृहस्थ उभे. डोळ्यांत पाणी. म्हणाले,

"आपण महाराष्ट्र देशींचे काय?"

मी आधी त्यांच्या डोक्यावर पगडी शोधली. पगडी नव्हती. टक्कल होतं, आणि खिशाला कंपनीचं ओळखपत्र.

"हो. मी इनामदार."

"आम्हीं तंजावरकडचे. तीनशें वर्षें जाहलीं येऊन. तुमचें जेवण जाहलें?"

तेव्हापासून रोज. पंचूराव मराठी बोलायला लागले की वाटायचं, कोणीतरी बखर वाचतंय आणि मधून मधून त्या बखरीवर सांबार सांडतंय. "इनामदार, ती फाइल मज पाठवावी, अर्जंट, सरी?" आकडे मोजायचे तमिळमध्ये. रागवायचे तमिळमध्ये. मशीनशी इंग्रजी. मी एकदा विचारलं, "मग मराठी कोणाशी?" तर म्हणाले, "मराठी घरांत नेसायचें. बाहेर नेसून कोण फिरतो?"

माझ्या मराठीवर त्यांचा मुळीच लोभ नव्हता. "तुमच्या मराठीस मीठ कमी," हा त्यांचा शेरा. मी 'ट्रेन लेट झाली' म्हणालो की ते कळवळून म्हणायचे, "अय्यो, गाडीस विलंब जाहला म्हणा की हो!" आणि हेच पंचूराव पुढच्या मिनिटाला कविताला "डिस्क फुल आयिडुच्चु" म्हणून मोकळे.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे ताबा. चेन्नईबाहेरच्या आवडी गावात ते राहत, आणि तिथल्याच एका सरकारी कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात त्यांनी उमर काढली होती, आणि लवकर निवृत्ती घेऊन आमच्याकडे आले ते तिथली शिस्त बरोबर घेऊनच. कात्री, स्टेपलर, सीडीचा डबा, सगळं त्यांच्याकडे. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं : "माझे स्वाधीन आहे, चिंता नसावी." कपाटाची किल्ली त्यांनी जानव्याला बांधली होती. जानवं आखूड, त्यामुळे कपाट उघडायचं म्हणजे पंचूरावांना शर्टाची दोन बटणं सोडून कपाटाला छातीशी धरावं लागे. नव्या आलेल्या मुलांना वाटायचं, हे गृहस्थ कपाटाचा निरोप घेताहेत.

त्यांची बायको, गिरिजाबाई, टेक्सासला मुलीकडे गेली होती. बाळंतपणासाठी म्हणून गेली, ते बाळ चालायला-बोलायला लागलं तरी तिकडेच. एवढंच मला माहीत होतं. "कधी येणार वहिनी?" विचारलं की "यावयाची आहे" म्हणायचे आणि ताबडतोब एखाद्या डिस्कविषयी बोलायला लागायचे.

तर आमची ती वेबसाइट होती एका डोळ्यांच्या दवाखान्याची. पेशंटने आदल्या दिवशी नंबर घ्यायचा, सकाळी दवाखान्यातल्या पडद्यावर तो झळकायचा. साधं काम. मालक वरदन साहेबांना त्याचा फार अभिमान. पंचूराव रोज पहाटे येऊन सर्व्हर पाहतात, यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. उलट गिऱ्हाइकांना ते सांगायचे, आमच्याकडे पहाटेपासून सीनियर माणूस हजर असतो.

मग एके दिवशी रात्री वीज गेली. चेन्नईत वीज जाणं ही काही बातमी नव्हे. पण त्या सकाळी वाटेतल्या अंबत्तूरजवळ रुळाचं काहीतरी बिघडलं आणि आवडीची लोकल अडकून पडली. पंचूराव पोचले तोवर ऑफिस भरलं होतं, आणि दवाखान्याचे फोन येऊन येऊन वरदन साहेबांचा कान तांबडा झाला होता. पडद्यावर नंबर नव्हते. लांबच्या एन्नोरहून पहिल्या बसने आलेली म्हातारी माणसं, एका डोळ्यावर पट्टी, दवाखान्याच्या पायऱ्यांवर उन्हात बसून होती.

पंचूरावांनी दोन मिनिटांत सगळं सुरू केलं. कोणी त्यांना बोललं नाही. ते मात्र जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता उठले, रिक्षा केली आणि दवाखान्यात जाऊन आले. परतल्यावर सरळ माझ्या टेबलापाशी आले.

"इनामदार, हा माझ्यावांचून उठला पाहिजे."

"अहो, पण तुमचा मंत्र..."

"कसला मंत्र?" पंचूराव खरोखरच गोंधळले. "चेष्टा नको हो. तेथें एक आजी बसली होती. मज विचारते, नंबर माझा हरवला का, बाबा? तुम्ही शोधा, काय आहे तें."

मी शोधायचं ठरवलं. आणि शोधायचं म्हणजे पंचूराव काय करतात ते आधी डोळ्यांनी पाहायचं. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी, त्यांना न सांगता, मी पेरुमाळच्या शेजारून वर गेलो. काचेच्या खोलीचं दार किंचित उघडं होतं. आतून पंचूरावांचा आवाज येत होता. मी श्वास रोखून कान दिला. मंत्र ऐकू येत होता. शब्दन् शब्द.

"हळू... हळू गे. आंच कमी कर. कमी कर म्हणतों ना! आतां चिंच घाल. नाहीं, अजून नको."

मी दाराला धरून उभा राहिलो. काय सांगू तुम्हाला! मी भल्याभल्यांना मशीनशी बोलताना पाहिलं आहे, मशीनला शिव्या घालताना तर रोजच. पण सर्व्हरला चिंच घालायला सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मोहरी जळाली बघ," पंचूराव हळहळले.

मी आत शिरलो. तेव्हा दिसले त्यांच्या कानावरचे हेडफोन, टकलावर नीट बसवलेले, आणि शेजारच्या पीसीवर फोनाचं छोटंसं चित्र. पंचूराव दचकले. मग लाजले. साठीचा माणूस इतका लाजलेला मी आधी कधी पाहिला नव्हता.

"तिकडे संध्याकाळ होते," ते म्हणाले. "ती रात्रीचा स्वयंपाक करते. अंबट भाजी आज."

"आणि तुम्ही?"

"मी येथें सर्व्हर पाहतों."

"बोलता काय रोज?"

"बोलावयाचें काय?" पंचूरावांनी मला समजावलं, एखाद्या अडाण्याला समजवावं तसं. "फोन केला कीं पैसा धावतो, मग मनुष्य घाईनें क्षेमकुशल विचारतो आणि ठेवतो. क्षेमकुशल तर नातेवाईकही विचारतात हो. घरीं नेट आहे, पण तें आवाज तुकडे तुकडे करून आणतें. येथें लायन चांगली. ती तिकडे चालू ठेवते, मी इकडे चालू ठेवतों. भांडें पडतें, नळ वाहतो, नातवास ओरडते. मज ऐकूं येतें. तिला माझा कीबोर्ड ऐकूं येतो. आमचें घरांत असेंच होतें. पस्तीस वर्षांत आम्हीं बोललों कोठें?"

हेडफोनमधून बारीक आवाज आला. पंचूरावांनी घाईने उत्तर दिलं, "कोणी नाहीं, इनामदार आहेत. महाराष्ट्र देशींचे. होय, तेच, मीठ कमी."

मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो. हसावं म्हणून बसलो होतो. हसू आलंही. थोडा वेळ टिकलं.

पण माझं काम राहिलं होतं. मंत्राचा उलगडा झाला तरी तांबड्या ओळीचा झाला नव्हता. चिंच आणि मोहरीने डेटाबेस सापडत नसतो, एवढं माझं शिक्षण झालेलं होतं.

प्रकार असा असतो. प्रोग्रॅम जन्माला येताना त्याच्या कानात काही गोष्टी सांगाव्या लागतात. डेटाबेस कुठे राहतो, त्याचा पासवर्ड काय, पडद्यावरचे नंबर कुठे पाठवायचे. आमच्या धंद्यात त्यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. प्रोग्रॅम त्या कानात घेऊनच उठला तर सगळं ठीक. नाहीतर तो उठतो, पण बावळटासारखा इकडेतिकडे पाहत बसतो. मी दोनदा सर्व्हर चालू केला, एकदा पंचूरावांच्या हातून आणि एकदा त्याचा तो. दोन्ही वेळा त्याच्या कानात काय काय आहे ते कागदावर छापून घेतलं. पंचूरावांच्या सर्व्हरला सगळं पाठ. आपोआप उठलेल्याला स्वतःच्या नावापलीकडे काही म्हणजे काही माहीत नाही.

"पंचूराव, या गोष्टी तुम्ही ठेवल्यात कुठे?"

"माझे स्वाधीन आहे, चिंता..."

"चिंता आहे. कुठे?"

त्यांनी दाखवलं. त्यांच्या स्वतःच्या लॉगिनच्या फाइलीत. म्हणजे पंचूरावांनी आपलं नाव आणि पासवर्ड टाकून मशीनमध्ये पाऊल टाकलं, की ती फाइल वाचली जाणार. आणि त्यांनी तिथून सुरू केलेल्या प्रोग्रॅमला ते सगळं मिळणार. दुसरा कोणी आला, की नाही. कोणीच आला नाही, तर प्रश्नच मिटला.

"अहो, पण इथे का? सामाईक फाइल आहे की सगळ्यांसाठी!"

पंचूराव ताठ झाले. "डेटाबेसचा पासवर्ड सामाईक फाइलींत? देवाच्या पेटीची किल्ली कोणी खुंटीवर टांगतो काय? येणारा-जाणारा शिवेल. आमचे घरीं आजोबांनीं सोंवळ्याचें तूपदेखील वेगळ्या बरणींत..."

"थांबा, थांबा. सोवळ्याचंच सांगतो," मी म्हणालो. मला अशा वेळी स्फुरण चढतं, हे कबूल. मी खुर्चीतून उठलो, काचेच्या खोलीच्या मधोमध उभा राहिलो आणि अभिनय सुरू केला. "वीज येते. मशीन उठतं. ते या प्रोग्रॅमला हाक मारतं. हा प्रोग्रॅम कसा येतो? नुकती आंघोळ केलेला, सोवळं नेसलेला. अंगावर ओलेतं. सदरा नाही, खिसा नाही. सरळ चुलीपाशी येऊन उभा. आता या माणसाजवळ तुमच्या कोटाच्या खिशातली किल्ली असेल का?"

पंचूरावांनी डोळे मिटले. त्यांना ते चित्र दिसत असावं. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळला.

"तो माझ्या खोलींत येतच नाहीं!"

"येतच नाही."

"माझा कोट खुंटीवरच!"

"खुंटीवरच. म्हणून त्याच्यासाठी सोवळ्याचा वेगळा डबा ठेवू या. चुलीजवळच. आणि कुलूप असं, की त्याच्याशिवाय कोणी शिवायचं नाही. मीसुद्धा नाही, कवितासुद्धा नाही."

"वरदन साहेब?"

"ते तर मुळीच नाहीत."

हे पंचूरावांना पटलं. आम्ही बसलो. ते एकेक गोष्ट आपल्या फाइलीतून वाचून दाखवत होते, मी नव्या फाइलीत लिहीत होतो. पासवर्ड मात्र त्यांनी मला मान वळवायला लावून स्वतः टाइप केला. शेवटची ओळ झाल्यावर त्यांचा हात कीबोर्डावर थोडा रेंगाळला.

"इनामदार, हें केल्यावर सकाळीं कोणी नको, ना?"

मला प्रश्न कळला होता. मी म्हणालो, "पंचूराव, आठवडाभर थांबू. मी साहेबांना सांगतो, सापडत नाही."

"नको. ती आजी उन्हांत बसली होती," पंचूराव म्हणाले, आणि फाइल त्यांनीच सेव्ह केली.

सगळ्यांसमोर आम्ही सर्व्हरची वायर खेचली. परत लावली. कोणी हात लावला नाही, कोणी पुटपुटलं नाही. पंखे घुमले, हिरवे दिवे लागले, आणि कविताने वेबसाइट उघडली तर पानभर नंबर. तिने टाळ्या वाजवल्या. वरदन साहेबांनी पंचूरावांचा हात हातात घेऊन सांगितलं, आता तुम्ही आरामात नऊला या. सकाळचा एसी वाचेल, तुमची झोप वाचेल. पंचूराव म्हणाले, "परवायिल्लै, सर," म्हणजे हरकत नाही, आणि ऑफिसची किल्ली पेरुमाळकडे दिली. ती जानव्याला नव्हती, म्हणून त्यांना ती सहज काढून देता आली.

मी त्यांना जिन्यात गाठलं. "अहो, सकाळी येऊन बसा की. कोण विचारतंय?"

"काम होतें म्हणून बसत होतों. कामाच्या कडेनें घरचें ऐकत होतों. आतां काम नाहीं. मग दुसऱ्याच्या लायनीवर कोणत्या तोंडानें बसूं?"

"वहिनींना काय सांगाल?"

"सांगेन," ते म्हणाले.

त्यानंतर दोन-तीन दिवस ते नऊला यायचे. व्यवस्थित यायचे, काम करायचे. फक्त माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले. रागाने नव्हे, आपलं सहज. मी मुद्दाम म्हणालो, "आज ट्रेन लेट झाली," तर म्हणाले, "ओह, इज इट?"

मग एका रात्री खरोखरच वीज गेली. आपला सर्व्हर न सांगता उठला का, हे बघण्याच्या निमित्ताने मी सकाळी लवकर ऑफिसला गेलो. उठला होता. तांबडी ओळ नव्हती. मी दिवा लावला, खुर्चीत बसलो, आणि शेजारी, वीज आल्यावर आपोआप उठलेला पंचूरावांचा पीसी वाजायला लागला.

पडद्यावर ते छोटंसं फोनाचं चित्र. थरथरत होतं. थांबलं. पुन्हा थरथरायला लागलं. मला उमगलं, पंचूरावांनी सांगितलेलं नाही. सांगताच आलेलं नाही. आणि ती बाई रोज संध्याकाळी, चूल पेटवायच्या वेळेला, या रिकाम्या खुर्चीला हाक मारतेय.

मी हेडफोन लावले.

"आलांत?" बाईंचा आवाज. पलीकडे पाण्याचा नळ, आणि लहान मूल इंग्रजीत काहीतरी मागत होतं.

"वहिनी, मी इनामदार. त्यांच्या ऑफिसातला."

नळ बंद झाला. "त्यांस काय जाहलें?"

"काही नाही. बरे आहेत. घरी आहेत. आता सकाळचं काम राहिलं नाही इथे, म्हणून..."

त्या म्हणाल्या, "बरें आहेत ना? मग ठीक. ठेवूं मी?" पण त्यांनी ठेवला नाही. मीही ठेवला नाही. पोळपाटावर लाटणं फिरू लागल्याचा आवाज आला.

"वहिनी, थांबा. जरा थांबा."

मी खिशातून मोबाइल काढला आणि पंचूरावांना लावला. त्यांनी पहिल्याच घंटेला उचलला; झोपलेले नव्हतेच. "सर्व्हर बंद पडला?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. आवाजात आशा होती, मी शपथेवर सांगतो.

"नाही. काही बोलू नका. कानाशी धरा फक्त."

मी हेडफोन डोक्यावरून काढले. त्यांची एक बाजू मोबाइलच्या तोंडाला लावली, माइकची दांडी मोबाइलच्या कानाशी वळवली, आणि सगळं मिळून दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं. टेक्सास एका तळव्यात, आवडी दुसऱ्यात. आता मला काहीच नीट ऐकू येत नव्हतं. बोटांमधून फक्त कुजबुज झिरपत होती. बाई काहीतरी म्हणाल्या. मग नुसतं लाटणं फिरत राहिलं. मग पंचूरावांचा आवाज, अगदी बारीक, "तवा तापूं दे आधीं."

पेरुमाळने चहा आणून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहत राहिला. काचेबाहेरून त्याला माझी पाठ दिसली असती, आतून आता हात दिसत होते. मी मानेनेच त्याला जायला सांगितलं. खांदे भरून आले होते. चहावर साय धरली, तरी मी तसाच उभा होतो.